डावीकडून तिसरं बटण

आधी धरमीबायचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. उलट्या क्रमानं सांगायला गेले की माझी भीतीच सगळी जागा अडवते आणि त्या कडेला राहतात. तसं मला करायचं नाही. धरमीबाय खाडीकाठच्या एका जुन्या आगरी गावातल्या; मासळी विकून तीन लेकरं मोठी केलेल्या. माझ्या त्या ना नात्यातल्या, ना गावच्या. मी माणदेशातली, दहिवडीच्याही पुढची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवरा मार्केटात माथाडी म्हणून लागला आणि त्याच्या मागं मी आले. आधी दिघ्यात एका खोलीत, आता करंजाडेला दोन खोल्यांत. खांदेश्वर स्टेशनजवळच्या एका दुकानात मी जुन्या कॅसेटींमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेते आणि लोकांना पेन ड्राइव्हवर भरून देते. तीन उन्हाळ्यांपूर्वीच्या लगीनसराईत माझ्या हातून जे झालं, त्यानंतरही मी आज त्याच खुर्चीत बसते आहे, ती धरमीबायमुळं.

यंदाही लगीनसराई आलीच. ती आली हे मला कॅलेंडर बघून कळत नाही. दुपारी दुकानाच्या काचा हलक्या थरथरायला लागल्या की समजायचं, सोसायट्यांच्या मागं जे जुनं गाव उरलंय तिथं कुणाची तरी हळद आहे. स्पीकरचा धमधमाट आधी काचेत येतो, मग कानात. उकाडा असा की घाम वाळत नाही आणि खाडीवरून येणारी हवा खारट, चिकट. आमच्याकडं माणात ऊन कोरडं. चटका देतं आणि बाजूला होतं. इथलं ऊन अंगावर बसून राहतं. याच दिवसांत कॅसेट वाजवायच्या जुन्या डेकमधले रबरी पट्टे वितळतात. झाकण उघडावं तर पट्ट्याच्या जागी काळं डांबर. बोटाला लागलं तर दोन दिवस निघत नाही. भाकरी थापताना तेच दिसत राहतं.

आणि याच दिवसांत आमचा ट्रे भरतो. लग्न ठरलं की लोकांना गेलेली माणसं आठवतात. कुणी आजोबांनी म्हटलेल्या मंगलाष्टका आणतं, कुणी बापाचं भजन. एका घरानं आणलेल्या कॅसेटमध्ये नुसता पंगतीचा गोंगाट होता आणि मधेच एक बाई ‘अजून भात वाढा की यांना’ एवढंच म्हणत होती. त्या एका वाक्यासाठी सगळं घर काउंटरपाशी उभं राहून रडलं. असल्या वस्तू माझ्या हातात. मी दिवसातून चारदा ट्रे तपासते, चहा गार होतो, तळहात पदराला पुसत राहते. विलासदादा, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणतात टेन्शन घेऊ नको, कॅसेटच आहे. पण कॅसेटच कुठं असते ती.

जुने डेक बघितले की मला वाटतं, ते बनवणाऱ्या माणसांनी आपसांत कधी बोलणंच केलं नसावं. एकात कॅसेट उताणी घालायची, एकात पालथी, एकात उभी. एकाचं दार इतकं हळू उघडतं, जणू आत कुणी झोपलंय. दुसऱ्याचं दार कॅसेट अंगावर फेकतं. प्रत्येकाला तीन आकड्यांचा काउंटर असतो आणि तो नक्की काय मोजतो हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही. सेकंद नव्हे, फूट नव्हे. या डेकवरचे चाळीस म्हणजे त्या डेकवरचे पंचावन्न. पॉज सोडला की काही डेक लगेच चालतात, काही अर्धा श्वास घेतात आणि पहिला सूर खाली पाडून मग सरळ करतात. बटणांचं तर विचारूच नका. थांबवायचं बटण कुणी डाव्या टोकाला ठेवलं, कुणी उजव्या. आणि रेकॉर्डचं बटण, जे सगळ्यांत घातकी, त्यावर बहुतेक ठिकाणी तिळाएवढा एक लाल ठिपका. तोही दहा वर्षं अंगठा घासला की जातो. राहतं ते इतर बटणांसारखंच एक काळं बटण.

ज्यानं हे बनवलं त्यानं गृहीत धरलं असणार की माणूस बटणाकडं बघून बटण दाबेल. पण काम करणारा माणूस बटणाकडं बघत नाही. तो कॅसेटच्या खिडकीकडं बघतो, टेप सुरकुतली नाही ना, चाक अडलं नाही ना. बटण त्याची बोटं शोधतात. मी या कामाला लागले तेव्हा मला बटणावरची इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. पण एकेक जोडून, ओठ हलवून. गिऱ्हाईक समोर असलं की ओठ हलवायची लाज वाटायची. विलासदादांनी ते ओळखलं असावं. एक दिवस म्हणाले, अक्षर बघूच नकोस, जागा ध्यानात ठेव. आपल्या डेकवर डावीकडून तिसरं म्हणजे आवाज. मी ते देवाच्या नावासारखं धरलं. सहा वर्षं माझ्या बोटाला ठाऊक होतं, डावीकडून तिसरं दाबलं की माणूस बोलायला लागतं.

अजून एक गोष्ट मी माझ्या डोक्यानं काढली होती, आणि तिचा मला अभिमान होता. कॅसेटी ट्रेमध्ये उभ्या ठेवल्या की वर त्यांची मागची कड येते. तिथं मी गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. एका नजरेत सगळी नावं दिसायची. विलासदादांनीही मान डोलवली होती. आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही की त्याच कडेला दोन बारीक खाचा असतात. जपून ठेवायच्या कॅसेटचा तिथला प्लास्टिकचा तुकडा लोक मोडून टाकतात. खाच उघडी राहिली की डेकच्या आतली एक काडी तिच्यात शिरते आणि रेकॉर्डचं बटण अडून बसतं. खाच झाकली की डेकला वाटतं, ही कोरी कॅसेट, हिच्यावर काय वाटेल ते कर. माझी चिठ्ठी बरोबर त्या खाचेवर बसत होती. नीटनेटकेपणानं मी सगळ्यांची कडी काढून ठेवत होते.

धरमीबाय आल्या त्या एका दुपारी. टोपली बाहेर पायरीवर ठेवली, पदरानं मान पुसली, कमरेची पिशवी सोडून एक कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “ही माजी आय.”

मी त्यांच्या मागं बघितलं, म्हातारी कुठं उभी आहे म्हणून. त्या हसल्या. दात पानानं लाल. “तकडं नाय, हितं. यात हाय ती.”

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते हे मला तेव्हा त्यांनीच सांगितलं. धवलारीण म्हणजे गाणारी बाई. पोथी नसते तिच्याकडं; देवांना, पूर्वजांना, वेशीला, खाडीला लग्नाचं बोलावणं ती गाण्यातून करते. ती गाणी म्हणजे धवले. धरमीबायची आई धवलारीण होती. कुणाच्या तरी मांडवात धरमीबायच्या नवऱ्यानं तिचा आवाज घरच्या टेपवर धरला होता आणि पुढं सुरीनं कॅसेटचा मागचा तुकडा मोडून ठेवला होता, म्हणजे पोरांनी वर सिनेमाची गाणी भरू नयेत. घरचा टेप मोडला, भंगारात गेला. कॅसेट कपाटात कितीतरी वर्षं मुकी पडून होती. आता नातीचं लग्न पंधरा दिवसांवर, आणि गावात धवला म्हणणारी कुणी उरली नाही.

“पयल्यांदी गानी नाय,” त्यांनी मला बजावलं. “पयल्यांदी माजं नाव येतं. धरमे, दिवा जवल घे, असं बोलते ती. मंग गानी. ते नाव मना पयलं आयकव, मंग तुजं काय ते कर.” आणि जाता जाता वळून म्हणाल्या, “घाटीनबाय, नीट कर हां. तुमच्याकरं पानीच नाय, आमच्याकरं पानीच पानी. बुडवू नको.”

घाटीण म्हटल्याचा मला राग येत नाही; म्हणण्यावर असतं ते. मी चिठ्ठीवर धरमीबाय असं सुरेख अक्षरात लिहिलं आणि कॅसेटच्या मागच्या कडेला चिकटवलं.

त्याच आठवड्यात आमच्या डेकचा पट्टा वितळला. विलासदादा दुसऱ्याच दिवशी भाच्याच्या लग्नाला तळकोकणात गेले. जाताना त्यांनी एका जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकाचा डेक कामापुरता आणून ठेवला होता. भारी डेक, जड, रुपेरी, बटणं दगडासारखी थंड. जाताना ते नक्कीच म्हणाले होते की जरा बघून घे, याचं वेगळं आहे. ते म्हणाले होते. मी हो म्हटलं होतं. आपण कितीदा नुसतं हो म्हणतो.

सकाळची वेळ, दुकानात कुणी नाही. मी धरमीबायची कॅसेट घातली, हेडफोन लावला आणि बोट ठेवलं डावीकडून तिसऱ्यावर. खट्. टेप चालू झाली. या डेकवर तिसरं बटण रेकॉर्डचं होतं. ते एकटं दाबलं तरी शेजारचं वाजवायचं बटण आपोआप खाली ओढून न्यायचं. दोन बटणं खाली गेली आणि मी बघत होते खिडकीत, चाकं कशी छान फिरतात ते. रेकॉर्ड चालू असल्याचा बारीक दिवा त्या डेकला होता. तो कधीचा गेलेला.

हेडफोनमध्ये शांत. मला वाटलं, सुरुवातीची रिकामी टेप असेल. असते कधी कधी बरीच. मी वाट बघत राहिले त्या नावाची. आता ‘धरमे’ येईल, मग दिवा, मग गाणं. खरं सांगू, मी आनंदात होते. पण हळूहळू कानाला काहीतरी खुपायला लागलं. जुन्या टेपची रिकामी जागासुद्धा रिकामी नसते. तिला बारीक सळसळ असते, वाळक्या गवतातून वारा जावा तशी. या शांततेत ती नव्हती. ही शांतता धुतलेली होती. माझी नजर खाली गेली. दोन बटणं खाली होती.

डेकच्या काउंटरवर एक्केचाळीस.

थांबवलं. मागं नेली. बटणांवरची अक्षरं ओठ हलवून वाचली आणि मग वाजवलं. शांतता, शांतता, एक्केचाळीस, आणि मग एका शब्दाच्या मधूनच एक जाड, उभट बायकी आवाज सुरू झाला, ओळीच्या पोटातून. जणू कुणी दार लोटलं आणि आत बाई आधीपासून गात होती. फार सुंदर आवाज. नाव गेलं होतं. दिवा गेला होता. गाण्याच्या पहिल्या ओळी गेल्या होत्या. जगात दुसरीकडं कुठं ते नव्हतं.

विलासदादांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागं सनई वाजत होती. मग म्हणाले की कॅसेट जुनी होती, सुरुवातीची टेप खराब झाली होती, एवढंच सांग. इतक्या वर्षांत कुणी ऐकलीय ती. तुझं चांगलं व्हावं म्हणून सांगतो, म्हणाले. मला माहीत आहे, ते खरंच त्याचसाठी सांगत होते. दुकान एवढंसं, गावात एकदा नाव खराब झालं की कोण येणार. आणि मी काम सोडून जाणार कुठं, आठवीची मार्कशीट घेऊन?

तिसऱ्या दिवशी सकाळी धरमीबाय आल्या. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कॅसेट जुनी होती मावशी. रात्रभर नव्हे, दोन दिवस मी ते घोळवलं होतं. पण त्या आल्या त्या नुसत्या आल्या नव्हत्या. नवीन लुगडं नेसून आल्या होत्या. आईला भेटायला नेसावं तसं.

“मावशी, माझ्या हातनं पुसलं,” मी म्हटलं. “पहिलं तेवढं. तुमचं नाव होतं ते.”

त्या स्टुलावर बसल्या. किती गेलं विचारलं. मी काउंटर दाखवला. उरलेलं ऐकव म्हणाल्या, ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, हात मांडीवर, बोटं ताल धरत होती. मग म्हणाल्या, कसं झालं ते दाखव. मी कॅसेट काढून रिकाम्या डेकवर दाखवलं: डावीकडून तिसरं. त्यांनी स्वतःचं बोट त्या बटणांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, आंधळ्या माणसानं फिरवावं तसं. उठल्या. दारापाशी गेल्या. बाहेरून हळदीची मिरवणूक चालली होती, ताशा कान फोडत होता. त्यात पाठमोऱ्या त्या काहीतरी बोलल्या. मला दोनच तुकडे ऐकू आले.

“माजे आयचे… खून होती…”

आणि कॅसेट तिथंच ठेवून गेल्या.

पुढचे दोन दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. माझ्या आईचा खून. त्यांनी बरोबरच म्हटलं होतं. मला दुसरा शब्द सुचत नव्हता. कॅसेट नेली नाही याचा अर्थ मी असा लावला की आता त्या गावकी घेऊन येणार. मोटारसायकल दुकानासमोर थांबली की माझा हात शटरकडं जायचा. नवऱ्याला सांगितलं. पाठीवर ओझी वाहून आलेला माणूस, तो भाजीचा घास तोंडात धरून म्हणाला, “खरं सांगितलंस नव्हं? मग आता तितंच बस. पळालीस तर खोटं हुईल.” विलासदादा परत आले. खरं का सांगितलंस असं विचारलं नाही, फक्त हिशोबाची वही घेऊन आत बसले. मी ट्रेमधल्या सगळ्या कॅसेटींच्या मागच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं एकेक करून काढल्या आणि कॅसेटींच्या सपाट बाजूला लावल्या. हात कामात ठेवला की रडू मागं राहतं.

तिसऱ्या दिवशी धरमीबाय एकट्याच आल्या. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी लाल ऑइलपेंटचा एक डबा काढला, बोटभर काडी काढली आणि म्हणाल्या, कुठलं ते बटण.

मी हात जोडले. मावशी, माझ्याकडून खून झाला हे मला मान्य आहे, असं काहीतरी पुटपुटले. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. कसला खून म्हणाल्या. मी त्यांचंच वाक्य त्यांना सांगितलं. मग त्या अशा हसायला लागल्या की विलासदादा आतून बाहेर आले.

“अगं येडे, मी बोलली, माजे आयचे टोपलीवं पन खून होती. खून! असा ठिपका, लाल. बाजारात शंभर टोपल्या, आमाला कुनाला वाचता येतं? वल्ह्यावं खून, जाल्यावं खून, बरफाचे पेटीवं खून. हात लागला का कललं पायजे, आपली का दुसऱ्याची. तुज्या मशीनवं कुनी खून केलीच नाय, मंग तुजं बोट काय करल?”

त्यांचा ण म्हणजे न. खूण म्हणजे खून. ‘होती’ म्हणाल्या होत्या त्या, ‘होता’ नव्हे. खूण ती, खून तो. शाळेत लिंग ओळखण्यात मी कधी चुकले नव्हते. पण भ्यालेला माणूस व्याकरण ऐकत नाही, तो स्वतःवरचा आरोपच ऐकतो. त्या बाई जाता जाता मला माझ्यासारख्यांसाठीचा उपाय सांगत होत्या, आणि मी दोन दिवस फाशीची वाट बघत होते.

काडीनं त्यांनी त्या तिसऱ्या बटणावर रंगाचा जाड गोळाच ठेवला. दुसऱ्याची वस्तू, विलासदादांचा जीव वरखाली होत होता. पण धरमीबायला थांबवायची त्यांची छाती झाली नाही. वाळला की उंचवटा राहणार. डोळे मिटून लागला तरी बोट मागं येणार. अक्षर पुसतं, त्या म्हणाल्या, खून पुसत नाय. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या एवढ्या शिकलेल्या माणसांना जे सुचलं नाही, ते टोपलीवाल्या बायांना कधीच सुचून बसलं होतं. कारण त्यांनी बटण बनवताना हाताचा विचार केला नव्हता, आणि यांच्याकडं हाताशिवाय काही नव्हतं.

मग मी विचारलं, तुम्हाला राग आला नाही? हसू थांबलं. “आला ना. घरी जाऊन रडली मी. तुज्यासमोर कनाला रडू?” मग म्हणाल्या, “पन खोटं बोलली असतीस तर मी मानलं असतं, का आयनं माजं नाव घेतलंच नव्हतं. मीच मनात धरलं असंल, येवडी वर्सं. आता तरी मना ठावं हाय, घेतलं होतं.”

हे वाक्य मी कितीदा मनात फिरवलं असेल, सांगता येणार नाही.

पेन ड्राइव्ह त्यांना नको होता. चाक फिरताना दिसलं पाहिजे, म्हणाल्या. नातीच्या मांडवात मी डेक घेऊन जायचं, पुसलेलं त्या स्वतः म्हणणार, जिथून आईचा आवाज सुरू होतो तिथून मी कॅसेट लावायची. त्यांनी आयुष्यात कधी मांडवात तोंड उघडलेलं नव्हतं. पहाटे धक्क्यावर जायचं असे. आईनं शिकवलं ते थोरल्या बहिणीला, आणि ती बहीणही गेलेली. यांच्या कानात होतं तेवढंच. त्या रोज मासळी संपली की दुकानात येऊन बसत, उरलेल्याची पहिली ओळ ऐकत, आणि तिच्या मागं मागं चालत पुसलेल्या ओळी आठवत. ओठ हलवत. मला ते बघून बरं वाटायचं.

लग्नाची सकाळ. मांडवात हळदीचा आणि झेंडूचा वास, बायकांची गर्दी, पंखे नुसता गरम वारा फिरवत होते. मी पाटाशेजारी तोच रुपेरी डेक मांडून बसले. टेप एक्केचाळीसवर आणून पॉज लावून ठेवला. हा डेक पॉज सोडल्यावर अर्धा श्वास घेतो. म्हणजे मला धरमीबायच्या शेवटच्या शब्दाच्या आधी, त्या श्वास घेतील तेव्हाच तो सोडायचा होता. लवकर सोडला तर आई लेकीच्या तोंडावर बोलणार, उशीर झाला तर ओळ तुटणार. माझा अंगठा पॉजवर, डावा हात पदरात आवळलेला.

त्यांनी सुरू केलं. आवाज घोगरा, मासळी बाजारात वापरून वापरून फाटलेला. देवाचं नाव घेतलं, खाडीचं घेतलं, मग पूर्वजांचं. बायका गप्प झाल्या. आणि तिसऱ्या ओळीनंतर त्या थांबल्या. विसरल्या. डोळे माझ्याकडं वळले. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. कुणीतरी मागून म्हणालं, लाव की गो. माझा अंगठा खाली जाऊ बघत होता. लावलं असतं तर सगळे सुटले असते, त्या, मी, नवरी. आईचा आवाज आला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पण मधल्या दोन ओळी राहिल्या असत्या. एकदा मी दाबलं होतं तेव्हा त्या ओळी गेल्या होत्या. आता पुन्हा दाबलं तर त्या पुन्हा जाणार होत्या, तेही त्यांच्या ओठांवरून.

मी अंगठा उचलला आणि हात मांडीवर ठेवला. धरमीबायनं ते बघितलं.

किती वेळ गेला कोण जाणे. पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली, कुणी कानात सांगतंय तशी, आणि ओळ आली. तिच्यामागं दुसरी. दुसरीच्या शेवटी त्यांनी श्वास घेतला तेव्हा माझ्या अंगठ्यानं आपोआप पॉज सोडला. लेकीचा अर्धा शब्द संपला आणि आईचा अर्धा शब्द सुरू झाला. कुठं सांधा नव्हता असं मी म्हणणार नाही. एक आवाज फाटका होता, एक भरलेला. पण शब्द एकच झाला. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नवरीला काही कळलं नव्हतं. ती हळदीच्या वाटीकडं बघत होती.

नंतर हात धुताना धरमीबाय माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. बरं झालं तू दाबलं नाहीस, म्हणाल्या. विलासदादांनाही त्यांनी निरोप धाडला की घाटीणबाईला काढलंत तर गावातली एक कॅसेट तुमच्याकडं येणार नाही. मग पाणी बोटांवरून निथळू देत, माझ्याकडं न बघता, हळूच बोलल्या.

“सगलं झालं. फकस्त आयनं आज मना हाक नाय मारली.”

त्यात मला दोष देणं नव्हतं. म्हणूनच ते ओझं माझ्याकडून खाली ठेवलं जात नाही.

म्हणून या तीन लगीनसराईंत माझं एक वेगळं काम चालू आहे. खाडीकाठच्या गावांतून आलेली लग्नाची प्रत्येक कॅसेट मी दोन्ही बाजूंनी, शेवटपर्यंत ऐकते. गिऱ्हाइकानं नुसत्या मंगलाष्टका मागितल्या असल्या तरी. रिकामी जागासुद्धा सोडत नाही. धरमीबायची आई कितीतरी मांडवांत गायली, आणि जमेल तेव्हा दिवा धरायला लेक जवळ असायची. कुणाच्या तरी घरात, कुठल्यातरी हळदीच्या गोंगाटामागं, ती हाक पडलेली असणार. दोनदा तिचा आवाज मला सापडला; एकदा गाणं, एकदा खोकला. खोकला ऐकून मी अर्धा दिवस तिथंच होते, पुढं काही बोलते का म्हणून.

धरमीबाय आता फार चालत नाहीत. टोपली सून घेते. मी त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, उगीच आशा नको. पण इथं लिहून ठेवते. मावशी, तुमचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं, ते मी शोधून तुम्हाला परत देईन. अजून पुष्कळ घरांच्या कॅसेटी यायच्या आहेत. मी ऐकते आहे. तेवढं तुम्ही थांबा.